हात टेकल्यावरच कशाला?
'पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले' असं मत इथे कुणीतरी मांडलंय, ते पटलं नाही. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा २०१० मधला अभ्यास बघा. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण. साधारण निम्म्यांना निदान झाल्या झाल्याच, नेहमीच्या उपचारांच्या जोडीने ही सेवा दिली. त्यांच्यात नैराश्य कमी आढळलं, अखेरच्या दिवसांतले आक्रमक उपचारही कमी झाले. तरी ते जगले मात्र जास्त: मध्यक (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, निम्मे कमी) ११.६ महिने, बाकीच्यांचा ८.९! अर्थात अभ्यास एकाच हॉस्पिटलातला, आणि पुढच्या सगळ्याच चाचण्यांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. म्हणून त्या आकड्यावर मी भिस्त ठेवणार नाही. दुखणं, धाप, झोप यांची वेळेवर दखल घेतली जाते, मला तेवढं पुरे. पण ही सेवा लवकर सुरू करायची तर आपल्याकडे 'पेशंटला काही सांगू नका' इथेच गाडं अडतं.