मदत हवी आहे: लेव्हलच्या तफावतीत अडकलेल्या चार मित्रांना ऑनलाइन गेम सुचवा

मंडळी,

आम्ही चार कॉलेजमित्र. एक सांगलीत, दोघं पुण्यात, एक जर्मनीत. शनिवारी रात्री पोरं झोपली की डिस्कॉर्डवर जमतो. गेल्या वर्षी एक मोठा ऑनलाइन आरपीजी (एक पात्र घेऊन ते वाढवत न्यायचा खेळ) सुरू केला (नाव घेत नाही, त्याचे भक्त धाग्यावर धाड घालतील). सुरुवातीला धमाल होती. मग सांगलीकर रोज खेळायला लागला आणि त्याची लेव्हल, म्हणजे खेळून वाढणारी ताकदीची पायरी, आमच्या दुपटीच्या वर गेली. आता तो आमच्याबरोबर आला की तलवारीच्या एका फटक्यात मैदान साफ. आमचा वार पोचेपर्यंत प्रेतं पडलेली. त्याच्या भागात आम्ही गेलो तर तिथलं रानडुक्करही आम्हाला लोळवतं. गंमत म्हणजे हाताने तोच आमच्यात सगळ्यात कच्चा! बॉसचा (बड्या शत्रूचा) वार चुकवायला त्याला अजून जमत नाही, चिलखत जाड म्हणून खपून जातं.

मोबाइलवर क्लॅश रॉयल (कार्डं टाकून समोरच्याशी लढायचा खेळ) करून पाहिलं. कार्डाची लेव्हल एकाने वाढली की जोर साधारण 10 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तीन लेव्हलचा फरक असेल तर समोरचा जवळपास एक तृतीयांशाने भारी. आपापसात खेळायला हे चालेना.

एक पुणेकर म्हणतो, लेव्हलची भानगडच नको. सांगलीकर म्हणतो, आठवडाभर खेळून हाती काही पडणार नसेल तर खेळायचं कशाला? त्याचंही अगदीच खोटं नाही.

पीसीवरचा गेम हवा, लॅपटॉप साधेच आहेत, महिन्याची फी नको. सुचवा काहीतरी.

रिकामटेकडा_नागपूर:
काउंटर-स्ट्राइक. मॅचमध्ये मिळालेल्या पैशातून बंदुका घ्यायच्या, मॅच संपली की सगळे परत शून्यावर. स्किन (बंदुकीचं नुसतं रंगरूप) लाखाची असली तरी गोळी तेवढीच लागते. विषय संपला.

धागाकर्ता:
खेळलोय हो. समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं, आपण कोपऱ्यातून डोकं काढायच्या आत आडवे. आणि आमच्यातलाच एक पुणेकर त्यात इतका सरस निघाला की उरलेले तिघं नुसते प्रेक्षक.

भटकी_खारूताई:
तुमच्या या उत्तरातच खरी मेख आहे. लेव्हल नसलेल्या खेळात सगळे समान, असं आपण धरून चालतो. तिथेही तासच मोजले जातात, फक्त ते सर्व्हरवर (कंपनीच्या संगणकावर) न साठता हातात साठतात. सर्व्हरवरचा आकडा गेम बनवणारा खाली आणू शकतो. तुमच्या पुणेकराचा हात कोण खाली आणणार?

उलट लेव्हल कच्च्या खेळाडूला सांभाळून घेते. एल्डन रिंगमध्ये पहिल्या मोठ्या बॉसपाशी, मार्गिटपाशी, अडकलेला माणूस इकडेतिकडे भटकून लेव्हल वाढवतो आणि परत येऊन त्याला पाडतो. तोच खेळ काही लोक लेव्हल 1 वर राहून संपवतात. दोघांचंही भागतं, कारण तिथे लढाई मुख्यतः यंत्राशी आहे. समोर माणूस असेल तर मात्र लेव्हलचा फरक हा सरळ अन्याय. म्हणून तुम्ही आपसात लढूच नका. चौघं एका बाजूला राहाल असा खेळ घ्या, आणि लेव्हलची तफावत खेळानेच मिटवलेली असू दे.

माझं मत गिल्ड वॉर्स 2 ला. 2012 सालचा खेळ आहे, साध्या लॅपटॉपवर सेटिंग कमी ठेवून चालावा. मूळ खेळ 2015 पासून फुकट, महिन्याची फी नाही. 80 लेव्हलचा माणूस 15 लेव्हलच्या नकाशात शिरला की त्याची ताकद त्या नकाशापुरती उतरवली जाते. तरी चांगल्या गियरमुळे (शस्त्रं-चिलखतामुळे) तो थोडा भारी पडतोच, पण तुमच्या वाट्याला मारायला काहीतरी उरतं. उलटं मात्र होत नाही. तुम्ही 20 चे असाल तर 80 च्या नकाशात मार खाल, तेव्हा त्यानेच तुमच्याकडे यायचं. कमाल लेव्हल आजही 80 च आहे, त्यामुळे कमावलेलं सामान दर वर्षी भंगारात जात नाही. तुमच्या सांगलीकरासाठी ग्लायडर आहे, स्वारीची जनावरं आहेत. त्यासाठी एक्स्पान्शन (खेळाची वेगळी विकली जाणारी पुरवणी) विकत घ्यावी लागते, पण जे मिळतं त्याने तलवार जड होत नाही.

हाताचं कामही आहे. बॉसचा वार येताना बगल द्यायची, त्या पाऊण सेकंदात काही लागत नाही. सर्व्हर अमेरिका आणि युरोपात आहेत, भारतात नाहीत. माझ्याकडे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तेवढ्यात बगल जमते. नेमबाजीच्या खेळात तेवढाच पिंग नकोसा होतो.

आणि अकाउंट उघडतानाच चौघांनी युरोप निवडा. एक जण अमेरिकेत गेला तर एकत्र खेळता येणार नाही.

कोकणातला_काजू:
फायनल फँटसी 14 मध्येही लेव्हल सिंक आहे, खालच्या डंजनमध्ये (गटाने लढायच्या वेगळ्या भागात) गेलं की लेव्हल आपोआप उतरवतात. फ्री ट्रायल 70 लेव्हलपर्यंत, वेळेची मर्यादा नाही. पण ट्रायलवाल्याला पार्टी (खेळातला गट) बनवता येत नाही. एकाला तरी पूर्ण खेळ घ्यावा लागेल, म्हणजे त्याला महिन्याची फी आलीच.

धागाकर्ता:
फी आली म्हणजे बाद. खारूताई, तुमचं बोलणं ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. पुणेकर "हात खाली आणणार" यावर थोडा फुगलाय, पण तयार आहे. जर्मनीकर म्हणतो, युरोपचा सर्व्हर म्हणजे पहिल्यांदाच पिंग माझ्या बाजूने. अडचण एकच. सांगलीकराने आत्ताच डाउनलोडला लावलंय, शनिवारपर्यंत थांबायची त्याची तयारी नाही. याला आवरायचं कसं?

भटकी_खारूताई:
आवरू नका. शनिवारसाठी वेगळं कॅरेक्टर ठेवायला सांगा, फुकटच्या अकाउंटवर दोन बनवता येतात.