बीएस्सी ॲग्रीनंतर माती घेऊ की झाडं? दापोलीत शिकलेल्यांनी सांगा

सड्यावरची (राजापूर):
बारावी सायन्स झालं, सीईटी दिली. दापोलीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्री करायचं पक्कं आहे. पुढे एमएस्सीला मृदाशास्त्र घ्यावं की फलोत्पादन, ते ठरत नाही. आमची हापूसची कलमं कातळात सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरची माती भरून लावलेली. आजोबा म्हणतात, माती काय शिकायची, आंब्याचं शीक. मला केमिस्ट्री आवडते.

काजूवाला:
आत्ताच कशाला ठरवतेस? आठ सेमिस्टरमध्ये दोन्ही विषय येतात. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र मात्र बघून ये. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेला, साका (गरात होणारा पांढरट, खराब गोळा) न होणारा रत्ना आंबा तिथलाच, १९८१ चा. तो बघून माझी तरी वाट ठरली.

जांभ्याची_माती:
ताई, मी दापोलीलाच मृदाशास्त्रात एमएस्सी केली, आता मातीपरीक्षणाचं काम करतो. केमिस्ट्री आवडते ना, मग माती घे, आणि ती कोकणातच शीक.

कारण सांगतो. देशावरची काळी माती बहुधा चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. आपली जांभ्याची माती आंबट, बऱ्याच ठिकाणी पाच ते सहा. तीन हजार मिलिमीटर पावसात चुना, मॅग्नेशियम विरघळून वाहून जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. ते स्फुरदाला (फॉस्फरसला) असं धरून बसतं की नुसतं वर पसरलेलं सुपर फॉस्फेट खत मुळांच्या वाट्याला फार थोडं येतं. म्हणून ते शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यायचं. उलट काळ्या मातीत जवळजवळ न विरघळणारं रॉक फॉस्फेट इथे हळूहळू लागू पडतं. स्फुरद मोजायची रीतसुद्धा वेगळी: तिकडे ओल्सन, इकडे ब्रे. अहवाल हातात आला की आधी रीत बघायची, मग आकडा.

पण खरी गोडी मातीचे थर बघायला खणलेल्या खड्ड्यात उतरल्यावर लागते. उभी कड चाकूने साफ करायची. वरचा वीतभर थर काळपट, तंतुमुळांनी विणलेला. खाली लाल, त्याखाली पिवळ्या ठिपक्यांचा, आणि मग चाकू शिरेनासा होतो. प्रत्येक थराचा ढेकूळ मातीचे रंग ठरवायच्या मुन्सेलच्या रंगपुस्तकाशी लावून बघायचा, ओला करून बोटांत मळायचा, फीत किती लांब निघते त्यावरून चिकणमाती ओळखायची. मला हे आजही मनापासून आवडतं. आंब्याचं मूळ कुठे अडलं, ते त्या कडेवर दिसतं. आजोबांना हेच दाखव.

खारेपाटातला:
पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्रही बघ. बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं की उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा थर येतो, पावसाने धुतला की भात लागतो. क्षार सोसणारे पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण तिथले. माती आणि झाड वेगळं करताच येत नाही.

सड्यावरची:
दादा, आमच्या कलमांचा नमुना कसा घेऊ?

जांभ्याची_माती:
खत घालायच्या आधी घे. फांद्यांच्या घेराखाली, तीस-तीस सेंटिमीटरचे थर करून, मिळेल तिथपर्यंत. कातळ लागला तर किती खोलीवर लागला ते लिहून ठेव. भरलेली माती आणि कडेची मूळ माती एकत्र करू नकोस, दोन पिशव्या. सूक्ष्म अन्नद्रव्यं (लोह, जस्त वगैरे) तपासायची असतील तर कुदळीला लागलेली माती सोडून लाकडी पट्टीने मधली घे. सावलीत वाळव, उन्हात नको.