शब्बाथ शाळेत पाठ झालेलं वचन पुढच्या रविवारी का आठवत नाही?

घणसोली_शब्बाथशाळा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमचा शब्बाथ शाळेचा (मुलांना रविवारी बायबल शिकवण्याचा) वर्ग सोसायटीच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतो. मुलं १४, वयं ५ ते १२, वेळ ४० मिनिटं. त्यातच गाणी, गोष्ट आणि प्रार्थना. सुवर्णवचन (पाठ करायचं बायबलचं वचन) त्या दिवशी सगळी खडाखडा म्हणतात, पुढच्या रविवारी पाटी कोरी. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची, जोडाक्षरांवर अडतात. भिंतीला खिळा किंवा टेप लावू देत नाहीत, आणि खाली माणसं राहतात म्हणून उड्या, आरडाओरडा चालत नाही. पुढच्या महिन्यात स्तोत्रसंहिता २३:१, यहोशवा १:९ आणि योहान ३:१६ घ्यायचे आहेत. खेळ सुचवा, पण सामान किती, वेळ किती, तेही सांगा.

कळव्याचा_दादा

ताई, आधी एक बघा. तुमच्या खेळात वचन मुलांच्या डोळ्यांसमोर असतं का? फळ्यावर लिहिलंय आणि मुलं कोरसमध्ये म्हणतायत, तर ते वाचन झालं. पाठांतर तेव्हा होतं, जेव्हा समोर काही नसताना डोक्यातून काढावं लागतं. त्यामुळे ज्या खेळात शब्द हळूहळू गायब होतात तेच खेळ निवडा.

२३:१ साठी पेल्यांचा मनोरा घ्या. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही' हे मोजून ९ शब्द, दहावा पेला पत्त्याचा, म्हणजे वचन कुठल्या पुस्तकात, कितव्या अध्यायात, कितवं ते. दहा पेल्यांचा मनोरा ४, ३, २, १ असा बरोब्बर बसतो. चहाचे कागदी पेले २० घ्या, दोन-दोन एकात एक घाला. एकेरी पेला पंख्याच्या वाऱ्यानेच पडतो आणि मग रडारड. मार्करने एकेक शब्द लिहून पालथे रचा, वरच्या टोकापासून खाली वाचता येतील असे. मोज्यांचा गोळा करून ८ फुटांवरून मारायचा, लहानांना ५ फूट. पडलेले पेले उचलून मागे लपवायचे आणि मारणाऱ्याने *पूर्ण* वचन म्हणायचं, पडलेल्या शब्दांसकट. उरलेले पेले त्याच क्रमाने परत मांडून पुढचा नेम. चार-पाच नेमांत मनोरा संपतो आणि वचन तोंडात राहतं. मोज्यांच्या गोळ्याचा आवाज होत नाही, खालच्यांची तक्रार नाही. १४ मुलांना एक मनोरा पुरत नाही, दोन करा, नाहीतर मागची पोरं कंटाळून भांडतात. वेळ १० मिनिटं.

फुग्यात चिठ्ठ्या घालून फोडायचा खेळ सगळे सुचवतील. टाळा. आवाज होतो, आणि फुटलेलं रबर बारकी तोंडात घालतात.

भिंतीचं उत्तर सुतळी. दोन खुर्च्यांना बांधा, कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं अडकवा. एका ए-फोर कार्डशीटची चार कार्डं होतात. ठाण्यात जांभळी नाक्याला ही शीट घाऊक मिळते. लॅमिनेशन करून घ्या, पावसाळ्यात साधा चार्ट पेपर दुसऱ्या रविवारीच मऊ पडून वाकतो.

ठाणे_पूर्व_मावशी

दादांचं पटलं. पण खेळाआधी दोन मिनिटं अर्थाला द्या. 'उणे' म्हणजे मुलांच्या डोक्यात वजाबाकीचं चिन्ह. 'कमी पडणार नाही' एवढं सांगितलं की शब्द चिकटतो. यहोशवात तर आणखी गंमत: 'कचरू नकोस'चं हमखास 'कचरा करू नकोस' होतं! कचरणे म्हणजे भिऊन मागे सरणे, हे करूनच दाखवा.

ते वचन हातवाऱ्यांचंच आहे. 'खंबीर हो' ला दोन्ही पाय रोवायचे, 'हिंमत धर' ला मूठ छातीशी, 'घाबरू नकोस' ला दोन्ही तळवे हलवून नाही, 'कचरू नकोस' ला मागे टाकलेलं पाऊल परत पुढे. चौथ्या फेरीपासून तुम्ही फक्त हातवारे करा, शब्द मुलं बोलतील. मग उलट: तुम्ही शब्द बोला, हातवारे त्यांचे. एका वचनाला चार-पाचच हातवारे ठेवा. प्रत्येक शब्दाला केले की मुलं हातवारे पाठ करतात, वचन नाही.

योहान ३:१६ लांब आहे, मुलं पहिला अर्धा जोरात म्हणतात आणि शेवटी पुटपुटतात, कारण दरवेळी सुरुवातीपासून सुरू केल्याने सुरुवातच जास्त घोटली जाते. म्हणून शेवटून शिकवा. पाच तुकडे करा. आधी फक्त 'तर त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त व्हावे'. ते पक्कं झालं की त्याच्या आधी 'त्याचा नाश होऊ नये' जोडा, आणि दोन्ही सलग. असं मागे मागे येत 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' पर्यंत. पुढे जाताना मूल दरवेळी ओळखीच्या भागात शिरतं. मधले 'की' सगळ्यात आधी गळतात, ते कार्डावर लाल शाईने लिहा.

आणि पत्ता वचनाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा म्हणवून घ्या. योहान (शुभवर्तमान) आणि १ योहान (योहानाचं पहिलं पत्र) यांची गल्लत होते. १ योहान ३:१६ सुद्धा प्रीतीबद्दलच आहे, त्यामुळे चुकीचं पान उघडलेलं लवकर लक्षातही येत नाही.

तबला_आणि_टाळ

चालीबद्दल थोडं. ओवी-अभंग लक्षात राहतात कारण ते मुळातच चालीत बांधलेले. फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण (१६१६) ओवीत लिहिलं ते उगाच नाही. स्तोत्र ११९ सुद्धा मूळ हिब्रूत अक्षरावारी रचलंय: २२ अक्षरं, प्रत्येकाची ८ वचनं, एकूण १७६. पण आपल्या मराठी पवित्र शास्त्रातलं (बायबलमधलं) वचन गद्य आहे. त्याला ओढूनताणून चाल लावली की शब्द इकडचे तिकडे होतात. टाळी पुरते. 'परमेश्वर / माझा / मेंढपाळ / आहे' चार टाळ्या, 'मला काही / उणे / पडणार / नाही' चार टाळ्या. मग एकेक शब्द गिळायचा, टाळी मात्र वाजवायची. सिनेमाच्या गाण्याची चाल नको, वचनाऐवजी तेच गाणं तोंडी येतं.

नेरूळ_पाठांतर

इथपर्यंत सगळं त्या दिवसाचं झालं. ताईंचा प्रश्न पुढच्या रविवारचा आहे. महिन्यात तीनच वचनं घ्या, चौथा रविवार फक्त उजळणीचा. नवीन वचन बुधवारी एकदा घरी विचारायचं (पालकांच्या ग्रुपवर फक्त पत्ता पाठवा, वचन नाही; वचन पाठवलं की आई वाचून दाखवते), मग पुढच्या रविवारी, मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करा: पुढचा रविवार, दोन आठवडे, महिना. न बघता आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, अडलं की पहिल्यात. ५-६ वर्षांच्यांना महिन्याला दोन पुरेत, तीही अर्धी केलेली.

सगळ्यांकडे एकच आवृत्ती आहे का, तेही तपासा. घरी जुनं भाषांतर आणि वर्गात पुनरावृत्त (सुधारलेलं) असेल तर मूल घरी बरोबर आणि वर्गात चूक ठरतं.

जोडाक्षरांसाठी रोमन लिपीत लिहून द्यायला हरकत नाही, सुरुवातीला.

ठाणे_पूर्व_मावशी

हरकत आहे हो भाऊ. रोमनमध्ये ण-न, ळ-ल सगळं एक होतं, 'मेंढपाळ'चा 'मेंधपाल' होतो आणि तो पुढे सुटत नाही. न वाचणाऱ्यांना चित्र द्या: मेंढपाळला काठी, उणेला रिकामी वाटी. वाचणाऱ्यांना देवनागरीच, अक्षर किमान दोन बोटं उंच.

नेरूळ_पाठांतर

उच्चाराचा मुद्दा मान्य. चित्रं काढायला माणूस हवा, एवढंच.

घणसोली_शब्बाथशाळा

पेले आणि सुतळी आजच आणते. पालकांना वचन पाठवत होते, तेच चुकत होतं म्हणायचं. अजून एक: गलतीकरांस ५:२२-२३ मधली आत्म्याची नऊ फळं. क्रम दरवेळी बदलतो, सहावं-सातवं कायम सुटतं.

कळव्याचा_दादा

त्याला सामानच नको. अंगठ्याने पेरं मोजायची. तर्जनीची तीन: प्रीती, आनंद, शांती. मधल्या बोटाची: सहनशीलता, ममता, चांगुलपणा. अनामिकेची: विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. टोकाकडून तळव्याकडे, सगळ्यांनी एकाच दिशेने. सहावं आणि सातवं सुटतं कारण तिथे बोट बदलतं आणि दोन्ही शब्द 'पणा'वर संपतात. तेवढी जोडी वेगळी पाचदा घ्या. नंतर मधलंच पेर दाबून विचारा, 'हे कुठलं?'