एफएफसी फ्रँकफुर्ट आइंट्राख्टमध्ये विलीन झाला, ते बरं झालं का?

मैदानवेडी
१ जुलै २०२० ला एफएफसी फ्रँकफुर्ट हा जर्मनीतला महिला फुटबॉल क्लब त्याच शहरातल्या आइंट्राख्ट फ्रँकफुर्ट या पुरुष संघासाठी ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या क्लबमध्ये विलीन झाला. सगळीकडे या निर्णयाचं कौतुकच वाचायला मिळतं. मला तो पटलेला नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास. जर्मन फुटबॉल महासंघाने १९५५ साली बायकांच्या फुटबॉलवर बंदी घातली. हा खेळ स्त्रीच्या शरीराला आणि मनाला सोसणार नाही, असं कारण दिलं. बंदी उठली ती १९७० मध्ये, तीही अटींसह: सामन्याची वेळ कमी, चेंडू हलका. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७३ मध्ये, फ्रँकफुर्टच्या प्राउनहाइम भागातल्या क्लबात महिला विभाग सुरू झाला. १९९९ च्या सुरुवातीला तोच संघ एफएफसी या नावाने स्वतंत्र झाला. बायकांच्या फुटबॉलसाठीच काढलेला क्लब! पुरुषांच्या संघाचं शेपूट नव्हे.

त्याने काय काय जिंकलं? ७ लीग विजेतेपदं, ९ जर्मन कप, ४ युरोपीय कप. २००२ मध्ये युरोपातला महिला क्लबांचा पहिलावहिला कप त्यांनी आपल्याच शहरात उमेओ या स्वीडिश संघाला २-० ने हरवून घेतला. श्टेफी जोन्स आणि बिर्गिट प्रिंझ यांचे गोल. असं नाव पुसायचं?

उत्तरवारा
भावना समजते, पण हिशोब बघा. शेवटचं लीग विजेतेपद २००८ चं. २०१५ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे तोच युरोपीय कप, जिंकली खरी, पण तोवर वोल्फ्सबुर्ग आणि बायर्न पुढे निघून गेले होते. त्यांच्यामागे पुरुषांच्या क्लबचा पैसा, सरावाची मैदानं, डॉक्टर, अकादमी. एकट्या क्लबाने कुठवर पुरं पडायचं?

एकटं राहून काय होतं ते पॉट्सडामकडे बघून कळतं. टुर्बिने पॉट्सडाम म्हणजे पूर्व जर्मनीची शान. १९७१ पासूनचा संघ, प्रशिक्षक बेर्न्ड श्रोडर यांनी काही वर्षं वगळता २०१६ पर्यंत घडवलेला. २००९ ते २०१२ सलग चार वेळा लीग जिंकली. तोच संघ २०२३ मध्ये खालच्या श्रेणीत गेला, २०२४ ला परतला आणि २०२५ ला पुन्हा घसरला. फ्रँकफुर्टचं असं झालेलं तुम्हाला चाललं असतं?

हेस्सेकर
मी फ्रँकफुर्टमध्येच राहतो. विलीनीकरणानंतरही संघ बहुतेक सामने ब्रेंटानोबाडच्या त्याच छोट्या मैदानावर खेळतो. तिथे तुम्ही खेळाडूंच्या इतके जवळ बसता की गोलकीपर बचावफळीला काय ओरडते ते शब्द न् शब्द ऐकू येतं. जुने लोक अजून येतात. फरक एवढाच की आता माझ्या मुलीच्या वर्गातल्या पोरीही येतात, कारण आइंट्राख्टच्या बोधचिन्हातला गरुड त्यांच्या घरात आधीपासून आहे. २०२२ च्या सप्टेंबरात बायर्नविरुद्धचा सामना मोठ्या स्टेडियममध्ये झाला, तेव्हा २३,२०० लोक आले होते. गोल एकही झाला नाही, तरी कोणी जागचं हललं नाही. मला तरी काही गमावल्यासारखं वाटत नाही.

मैदानवेडी
हेस्सेकर, तुमच्या मुलीच्या मैत्रिणी सामन्याला येतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझा मुद्दा गर्दीचा नाही, निर्णय कोणाच्या हातात याचा आहे.

उत्तरवारा, तुम्ही पॉट्सडाम सांगितलंत, मी डुइसबुर्ग सांगते. तिथला स्वतंत्र महिला क्लब २००९ मध्ये युरोपचा कप जिंकला, पुढे दिवाळखोरीत गेला आणि २०१४ च्या सुरुवातीला संघ एमएसव्ही डुइसबुर्गकडे आला. म्हणजे तुम्ही म्हणता तोच मोठ्या क्लबचा आधार! २०२४ मध्ये एमएसव्हीचे पुरुष चौथ्या श्रेणीत घसरले. बायकाही पहिल्या श्रेणीतून खाली आल्या होत्या, पण पैशांअभावी त्यांना दुसऱ्या श्रेणीतही खेळता आलं नाही. पुरुषांचं अपयश बायकांनी का भरायचं?

उत्तरवारा
डुइसबुर्गचं उदाहरण वजनदार आहे, मान्य. पण मग चूक विलीनीकरणाची की करार कच्चा असण्याची? महिला विभागाचं बजेट काही वर्षांसाठी बांधून घेतलं, क्लबच्या कार्यकारिणीत त्यांची हक्काची जागा ठेवली, तर हा धोका बराच कमी होतो. आणि फ्रँकफुर्टमध्ये एफएफसी उभा करणारे झिगफ्रीड डीट्रिखच विलीनीकरणानंतर आइंट्राख्टचा महिला फुटबॉल सांभाळायला गेले. परक्यांनी येऊन ताबा घेतला असं झालेलं नाही. २०२२ ते २०२५ सलग चार हंगाम संघ लीगमध्ये तिसरा आला.

मैदानवेडी
तिसरा! याच गावाने सात वेळा पहिला नंबर पाहिलाय. आणि डीट्रिख कायम असणार नव्हते. कार्यकारिणीतली हक्काची जागा मात्र मला मान्य आहे. ती क्लबच्या घटनेतच लिहिलेली हवी, एखाद्या भल्या माणसाच्या भरवशावर नको. पुरुषांचा संघ खाली गेला तर पहिली कात्री कुठे लागणार, हे आजच कागदावर असू दे. तेवढं कोणी दाखवलं तर माझा विरोध मी मागे घेईन.