मदत हवी आहे: सिनेटची रिकामी जागा, गव्हर्नर आणि सतरावी घटनादुरुस्ती

नमस्कार मंडळी,

मी बॉस्टनजवळ राहते. आमच्या मंडळात ज्येष्ठांचा एक वाचनगट आहे. सिनेटर (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य; प्रत्येक राज्याचे दोन असतात) मुदतीआधीच गेला किंवा त्याने राजीनामा दिला, तर त्याची जागा कोण भरतं, यावर मला पुढच्या बैठकीत बोलायचंय. तयारी करताना एका मुद्द्यावर अडकलेय. अमेरिकेच्या घटनेचा अभ्यास असलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

गव्हर्नरला मी मुद्दाम राज्यपाल म्हणत नाहीये. इथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला आणि पक्षाचा असतो, बराचसा आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. गेल्या वेळी एका काकांनी "राज्यपालाला एवढे अधिकार?" असं विचारलं आणि अर्धा तास त्यातच गेला.

नागरिकत्वाच्या शपथविधीला मिळालेली घटनेची छोटी पुस्तिका समोर आहे. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीतला दुसरा परिच्छेद मी पेन्सिलने इतक्यांदा अधोरेखित केलाय की कागद चकाकायला लागलाय. जागा रिकामी झाली की गव्हर्नरने निवडणूक जाहीर करायची. मात्र निवडणूक होईपर्यंत तात्पुरती नेमणूक करायचा अधिकार विधिमंडळ त्याला देऊ शकतं. 'देऊ शकतं', द्यायलाच हवा असं नाही. भांडणांचं मूळ इथेच आहे.

आमच्याच राज्याचं, मॅसॅच्युसेट्सचं बघा. २००४ मध्ये आमचे डेमोक्रॅट सिनेटर जॉन केरी अध्यक्षपदाला उभे होते. ते जिंकले असते तर त्यांची जागा रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी भरली असती. म्हणून डेमोक्रॅट विधिमंडळाने नेमणुकीचा अधिकारच काढून घेतला. रॉम्नींनी नकाराधिकार वापरला, तोही उलटवला. पाच वर्षांनी आमचे दुसरे सिनेटर, डेमोक्रॅट टेड केनेडी खूप आजारी होते, तेव्हा गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक डेमोक्रॅट होते. केनेडींनी पत्र लिहून तात्पुरत्या नेमणुकीची सोय करायची विनंती केली. २५ ऑगस्ट २००९ ला ते गेले आणि महिन्याभरात त्याच विधिमंडळाने अधिकार परत दिला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मी स्वतः डेमोक्रॅट पक्षाला मत देते, तरी हे मला अजूनही खुपतं.

पॉल कर्क नेमले गेले. १९ जानेवारी २०१० च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन स्कॉट ब्राउन जिंकले आणि सिनेटमधलं डेमोक्रॅटांचं साठावं मत गेलं (विरोधकांनी लांबवलेली चर्चा थांबवायला शंभरपैकी साठ मतं लागतात). मला तेव्हा मताचा हक्क नव्हता. शेजारच्या आजींना शाळेतल्या केंद्रावर सोडायला गेले होते. बर्फाच्या चिखलातून माझा दंड घट्ट धरून चालताना त्या म्हणाल्या, "नेमायचं कुणाला ते त्यांनी ठरवलं, आता मी ठरवते." त्या कुणाला मत देणार होत्या ते मी विचारलं नाही.

आता माझी अडचण. केंटकीत उलटा प्रकार: गव्हर्नर अँडी बेशीर डेमोक्रॅट, विधिमंडळ रिपब्लिकन. २०२१ मध्ये कायदा झाला की गेलेल्या सिनेटरच्या पक्षाच्या राज्य समितीने तीन नावं द्यायची आणि गव्हर्नरने त्यातलंच एक निवडायचं. बेशीर यांचा नकाराधिकार उलटवला गेला. सतराव्या दुरुस्तीत हे बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२४ मध्ये तर नेमणूकच रद्द करून थेट पोटनिवडणूक ठेवली.

विधिमंडळाला अधिकार द्यायची मुभा आहे, म्हणजे अटी घालूनही देता येतो का? पक्ष समितीने दिलेल्या तिघांतूनच निवडायचं असेल, तर ती नेमणूक गव्हर्नरची की पक्षाची? ॲरिझोनातही त्याच पक्षाचा माणूस नेमावा लागतो. तिथे सिनेटर जॉन मॅककेन ऑगस्ट २०१८ मध्ये गेले आणि निवडणूक थेट नोव्हेंबर २०२० मध्ये झाली. त्याविरुद्ध मतदार कोर्टात गेले; नवव्या सर्किटच्या (ॲरिझोनासह पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. पण तिथला मुख्य वाद उशिराचा होता. पक्षाच्या अटीबद्दल त्यातून काही काढता येईल का?

मला स्वतःला थेट निवडणूकच पटते. जागा मतदारांची आहे, पक्षाची नाही. पण तोवर पाच महिने राज्याला एकच सिनेटर, हेही योग्य वाटत नाही. तात्पुरता माणूस नेमायचा, पण त्याने पुढे उभं राहायचं नाही (कर्क यांनी तसं मान्य केलं होतं), अशी अट कायद्याने घालता येते का?

बैठक पुढच्या शनिवारी आहे. 'गव्हर्नर'ला चपखल मराठी शब्द सुचला तर तोही कळवा.