फांग न्गा उपसागर: कॅटामरानवर रात्री साखळी किती सोडायची?

शिडवाला_रायगड
फेब्रुवारीत फुकेतहून ४० फुटी कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) भाड्याने घेतोय, पाच दिवस. मांडव्याच्या बाजूला छोट्या शिडाच्या होड्या चालवतो, पण नांगर टाकून रात्रीचा मुक्काम कधी केलेला नाही. फांग न्गामध्ये किती पाण्यात थांबायचं, साखळी किती? आणि को पनाक बेटाच्या हाँगमध्ये (बोगद्यातून जावं लागतं असं कड्यांनी वेढलेलं आतलं तळं) कायाक कधी घालायचा? एजन्सीवाले ‘नो प्रॉब्लेम’च्या पुढे जात नाहीत.

नाळेवरचा
उधाणाला तिथे पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे साउंडरवर (खोली दाखवणारं यंत्र) दिसतं तेवढ्यावर साखळी सोडू नका. समजा, ओहोटी संपताना पाच मीटर पाणी आहे. त्यात भरतीचे अडीच आणि पाण्यापासून नाळेपर्यंतचा (बोटीचं पुढचं टोक) दीड मिळवा. झाले नऊ. पाचपट धरा, म्हणजे ४५ मीटर. भरतीला पोहोचलात तर उलटा हिशेब: आता सात, त्यातले अडीच जाणार, उरले साडेचार. कॅटामरानचा ड्राफ्ट (पाण्याखालचा भाग) सव्वा मीटरच्या आसपास असतो, तेव्हा चालेल. उपसागराच्या उत्तर टोकाला मात्र चिखलाचे पट्टे उघडे पडतात, तिथे मुक्काम नको.

नांगर तळाला टेकला की बोट हळूहळू मागे जाऊ द्या आणि तशीच साखळी सोडत जा. एकाच जागी ढीग पडला की ती नांगरातच अडकते. तळ मऊ गाळाचा आहे, म्हणून लगेच रिव्हर्स मारू नका. पाच मिनिटं नांगर रुतू द्या, ब्रायडल (साखळीपासून दोन्ही सांगाड्यांना जाणारा दुहेरी दोर) लावा, मग रिव्हर्समध्ये इंजिन सावकाश १५०० आरपीएमपर्यंत न्या आणि अर्धा मिनिट ठेवा. बेटावरचा एखादा खडक आणि त्यामागचं झाड एका रेषेत धरा. रेषा सरकत राहिली तर नांगर घसरतोय. उचलताना इंजिनने पुढे जा. विंडलासनेच (साखळी ओढणारं विजेचं यंत्र) बोट ओढली की त्याचा ब्रेकर पडतो, आणि तो नेमका कुठल्या कपाटात आहे हे बोट ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.

कायाक_आणि_टॉर्च
हाँगसाठी टाइड टेबल बघा. पूर्ण भरतीला बोगद्याचं छत डोक्याला लागतं, पूर्ण ओहोटीला चिखलात कायाक ओढावा लागतो. मधलं पाणी हवं, तेही शक्यतो चढतं असताना. तरी आत रेंगाळू नका, पाणी चढलं की बाहेर पडायची वाट बंद. हेड-टॉर्च हवाच, आत मिट्ट काळोख असतो. दिवसा टूरच्या बोटींची झुंबड असते. ती मंडळी परतल्यावर जाल तर सुख.

नाळेवरचा
आणखी एक, रात्री चालवू नका. मासेमारीची जाळी आणि दिवा नसलेले बोये जागोजाग असतात. दोर पंख्यात गेला तर लगेच न्यूट्रल करून इंजिन बंद, प्रवाह असेल तर आधी नांगर, आणि मगच चाकू-मास्क घेऊन पाण्यात उतरा.

शिडवाला_रायगड
आभार. वारा ईशान्येचा असेल तर बेटाची कुठली बाजू?

कायाक_आणि_टॉर्च
पश्चिम-नैऋत्य. पण प्रवाह दर सहा तासांनी फिरतो आणि बोट त्याच्याबरोबर घुमते, म्हणून कड्यापासून सोडलेल्या साखळीपेक्षा जास्त अंतर ठेवा. शेजारी एकाच सांगाड्याच्या, खाली खोल केल (कणा) असलेल्या बोटी असतील तर त्या वेगळ्या घुमतात, आणखी लांब राहा. फी फी बेटांकडे वळलात तर प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, मूरिंग बोया (तळाशी पक्का बांधलेला बोया) घ्या. त्याच्या दोरात गाठ न मारता आपला दोर ओवून दोन्ही टोकं बोटीवरच बांधा. तिथल्या माया बेच्या आत बोटींना बंदी आहे, मागच्या लो सामा खाडीच्या बाजूने उतरून चालत जातात.