लोह-टर्पिरिडीन पॉलिमरचा थर पावसाळ्यात टिकत नाही : कारण कोठे शोधावे?

प्रश्न : पीएचडी_कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत आहे. बेंझिनच्या कड्याच्या दोन्ही बाजूंना टर्पिरिडीन (तीन नायट्रोजनांनी धातूला धरणारा गट) असलेला लिगँड, म्हणजे धातूला जोडला जाणारा रेणू, आणि फेरस टेट्राफ्लुओरोबोरेट हा लोहाचा क्षार यांपासून मी सुप्रामॉलिक्युलर पॉलिमर (लोह आणि लिगँड आळीपाळीने ओवलेली साखळी) तयार करते. त्याचे मेथॅनॉलमधील द्रावण आयटीओ (वीजवाहक पारदर्शक लेप असलेल्या) काचेवर स्पिन कोटिंगने, म्हणजे काच वेगाने फिरवून, पसरवते आणि ॲसिटोनायट्राइलमधील लिथियम परक्लोरेटच्या द्रावणात त्या थराचा रंग विद्युतदाबाने बदलून पाहते. लोह फेरस (दोन धनभारांचे) असताना थर निळसर जांभळा असतो आणि त्याचे फेरिकमध्ये (तीन धनभारांच्या लोहात) ऑक्सिडीकरण झाले की तो जवळजवळ रंगहीन होतो.

मार्चमध्ये केलेला थर दोनशे आवर्तनांनंतरही (रंग जाऊन परत येण्याच्या फेऱ्यांनंतरही) चांगला होता. आषाढात त्याच बाटलीतला क्षार, तोच लिगँड आणि तीच कृती वापरून केलेल्या थराचा रंग पन्नास आवर्तनांतच निम्म्यावर आला. पॉलिमरच्या द्रावणाचा यूव्ही-व्हिजिबल वर्णपट (कोणता प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) दोन्ही वेळा सारखाच दिसतो, त्यामुळे पॉलिमर चांगलाच बनला आहे असे मी धरून चालले आहे. मग दोष काचेचा आहे की इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे लिथियम परक्लोरेटच्या द्रावणाचा?

उत्तर १ : सेवानिवृत्त_अध्यापक

आपण जे धरून चालला आहात, तेथेच मला शंका वाटते. हा रंग प्रत्येक लोह आयन आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन टर्पिरिडीन यांच्यातील इलेक्ट्रॉनच्या संक्रमणामुळे येतो. साखळीत अशा पाच जागा असोत की दोनशे, प्रत्येक जागा जवळजवळ तेवढाच प्रकाश शोषते. म्हणजे वर्णपटावरून लोहाच्या जागा किती झाल्या हे कळते, त्या किती लांब साखळीत ओवल्या गेल्या हे कळत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे, म्हणून जरा आग्रहाने लिहीत आहे.

साखळीची लांबी दोन घटकांच्या प्रमाणावर ठरते. कॅरोथर्सच्या समीकरणानुसार, अभिक्रिया पूर्ण झाली असे मानले आणि कमी असलेल्या घटकाचे दुसऱ्याशी प्रमाण ०.९९ असले, तर साखळीत सरासरी १९९ घटक येतात. हेच प्रमाण ०.९५ झाले की ते ३९ वर येतात. आपला क्षार पाणी ओढणारा आहे. सहा पाण्यांसह त्याचा रेणुभार सुमारे ३३७.५ धरून आपण वजन केले असणार, पण मार्चपासून वरचेवर उघडलेल्या बाटलीने कोल्हापूरच्या पावसात आणखी किती पाणी घेतले, ते तराजू सांगत नाही. तराजूच्या काट्यावर वजन बरोबर येते आणि लोह मात्र कमी पडते. शिवाय हवेने काही भाग फेरिक झाला असेल, तर तोही त्यातून वजा करावा लागेल.

यावर उपाय जुनाच आहे. वजनावर विसंबू नका, क्षाराचे द्रावण करून त्यातील फेरस लोह पोटॅशियम डायक्रोमेटने मोजा. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात केलेले हेच टायट्रेशन आहे : सल्फ्युरिक आम्ल, थोडे फॉस्फोरिक आम्ल, डायफेनिलअमाइन सल्फोनेटचा दर्शक आणि शेवटी हिरव्यावरून एकदम जांभळा होणारा फ्लास्क. यात फक्त फेरस मोजले जाते आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

उत्तर २ : पातळ_थर

सरांशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. प्रमाण कोणत्या बाजूने चुकले याला लोहाच्या बाबतीत फार महत्त्व आहे. जस्ताला दुसरा टर्पिरिडीन पहिल्यापेक्षा काहीसा सैल बसतो, त्यामुळे जस्त जास्त झाले की साखळ्या तुटून तुकडे होतात. फेरस लोहाचे उलट आहे. दुसरा टर्पिरिडीन बसताच लोहाची स्पिन-स्थिती (त्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी) बदलते, म्हणून तो पहिल्यापेक्षा कितीतरी घट्ट बसतो. लोह किंचित जास्त झाले तर ते बहुतांशी मोकळेच राहते आणि साखळीला विशेष धक्का लागत नाही. लोह कमी पडले तर मात्र लिगँडची टोके उघडी राहतात आणि साखळी आखूडच राहते. ओल्या क्षाराने आपल्याकडे नेमके हेच घडत असावे.

आता थराविषयी. शिवाजी विद्यापीठात टंगस्टन ऑक्साइडच्या रंग बदलणाऱ्या थरांवर बरीच वर्षे काम झाले आहे. तेथे द्रावण तापलेल्या काचेवर फवारतात आणि ऑक्साइड काचेवरच घडतो, म्हणून तो घट्ट धरून राहतो. आपला पॉलिमर काचेवर नुसता वाळलेला असतो. शिवाय लोह फेरिक झाले की विद्युतभार सावरण्यासाठी परक्लोरेट आयन थरात शिरतात आणि उलट दिशेला बाहेर पडतात, म्हणजे प्रत्येक आवर्तनात थर थोडा फुगतो आणि आकसतो. आखूड साखळ्या या ओढाताणीत सुटून द्रावणात जातात.

हे पाहायला उपकरण लागत नाही. आवर्तने झाल्यावर इलेक्ट्रोलाइट क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक चौकोनी नळीत) घेऊन मागे पांढरा कागद धरा. जांभळी छटा दिसली तर थर विरघळत आहे. छटा नसेल आणि तळाशी पापुद्रे असतील, तर काच नीट धुतली गेली नव्हती.

एनएमआर (रेणूतील हायड्रोजनांचे संकेत चुंबकीय क्षेत्रात टिपणारा वर्णपट) मिळत असेल तर तोही घ्या. मोकळ्या टर्पिरिडीनमध्ये नायट्रोजनशेजारच्या कार्बनवरील हायड्रोजनचा संकेत ८.७ पीपीएमच्या आसपास असतो आणि लोह बसल्यावर तो ७ च्या जवळ सरकतो. जुना संकेत किती उरला, त्यावरून उघड्या टोकांचा अंदाज येतो.

उत्तर ३ : नॅनो_वाचक

लांबीचा प्रश्न कायमचा टाळायचा असेल, तर तीन हातांचा लिगँड घेऊन पाहावा. डायक्लोरोमिथेनमध्ये लिगँड आणि वरच्या पाण्यात लोहाचा क्षार ठेवला, की दोहोंच्या सीमेवर अविद्राव्य जाळीदार पापुद्रा तयार होतो. टोकियोत निशिहारा यांच्या गटाने असे नॅनोशीट केले आहेत. आपल्यासारख्या सरळ साखळीच्या पॉलिमरवर त्सुकुबा येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत हिगुची यांच्या गटाचे मोठे काम आहे, तेही वाचावे.

पीएचडी_कोल्हापूर

सर, आपले आणि सर्वांचे मनापासून आभार. टायट्रेशन तीनदा केले. वजनावरून यायला हवे त्यापेक्षा फेरस लोह ८ टक्के कमी निघाले, म्हणजे समीकरणाप्रमाणे साखळीत सरासरी २४ घटक. जुन्या थराचा इलेक्ट्रोलाइट कागदापुढे धरला, तर तो फिकट जांभळा दिसला. मी तो आधी ओतून देत असे, कधी नीट पाहिलाच नव्हता.

क्षाराची नवी बाटली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवली आहे आणि लोह मोजूनच द्रावण केले आहे. या वेळचे पॉलिमरचे द्रावण सिरिंज फिल्टरमधून ढकलताना अंगठा दुखला, पूर्वी ते सहज जात असे. नवा थर कालपासून चालू आहे, एकशे साठ आवर्तने झाली आहेत आणि क्युव्हेटमागचा कागद पांढराच दिसतो. एनएमआरसाठी नमुना पाठवला आहे, वर्णपट आला की येथेच लिहीन.